सणाचं तेल

"रिपोर्ट तर सगळे चांगले होते ना?"

माझे पती गेल्यानंतर घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे विचारलं. काहींनी तर दारातच, चपला काढता काढता. मी हो म्हणत असे. चांगलेच होते. ईसीजीची पट्टी काढली होती, रक्त तपासलं होतं, फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहिलं होतं, आणि डॉक्टर त्यांना म्हणाले होते, "तुम्ही तर चाळिशीतले वाटता." त्यानंतर थोड्याच दिवसांनी, वारज्याच्या आमच्या घरात, सकाळी पेपरची घडी घालता घालता ते एका बाजूला कलंडले. मी ओट्यापाशी होते. मला वाटलं, खाली पडलेली पुरवणी उचलतायत.

विहारात पुण्यानुमोदन झालं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली आणि गेली. मी रडले असेन, पण मला आठवतं ते वेगळंच. माझ्या मनात सारखा एकच प्रश्न होता: हे कसं शक्य आहे? दुःखाला अजून जागा मिळालेली नाही. दारात हा प्रश्न उभा आहे आणि तो बाजूला सरकत नाही.

हा प्रश्न मी आधी एकदा पाहिलेला आहे, त्यांच्या चेहऱ्यावर. म्हणून लिहायला बसले आहे. माझा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावण्यात गेला, यंत्रातलं मला कळत नाही. पण ती गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आणि नंतर त्यांनी ती मला इतक्या वेळा समजावून सांगितली, की तेवढ्यापुरतं मला नीट कळतं. तिची आणि त्यांच्या जाण्याची तुलना मला करायची नाही. ती एक लोखंडाची चकती होती.

ते हडपसरच्या पुढे एका प्रयोगशाळेत काम करत. परदेशी कंपन्या पुण्यातल्या कारखान्यांशी करार करत होत्या, रस्त्यावर रोज नवी गाडी दिसायची, आणि त्या गाड्यांचे भाग किती झिजतात हे तपासून घ्यायला कारखाने या प्रयोगशाळेकडे येत. झीज मोजणं हेच त्यांचं काम. माझा धाकटा भाऊ तेव्हा नुकताच सॉफ्टवेअरमध्ये लागला होता. तो त्यांना म्हणायचा, "दाजी, जग माउसवर चाललंय आणि तुम्ही अजून तेलात हात घालून बसलाय." ते हसायचे. "माउसलाही खाली छर्रा असतोच की," म्हणायचे. तेव्हाच्या माउसला खरोखरच असायचा.

भावाने त्यांच्यासाठी एक कोर्सही शोधून ठेवला होता. त्यांच्या बरोबरीचे कितीतरी इंजिनियर असे कोर्स करून बाहेर पडले, काही अमेरिकेत गेले. यांनी नको म्हटलं, त्याचं कारण एक काळा लेप होता.

तो लेप कार्बनचा. शास्त्रातले लोक त्याला हिऱ्यासारखा कार्बन म्हणतात, पण दिसायला हिऱ्यासारखा मुळीच नाही. ओल्या शाईसारखा काळा आणि गुळगुळीत. माणसाच्या केसाचे उभे तीसेक पापुद्रे काढता आले, तर त्यातल्या एका पापुद्र्याएवढी त्याची जाडी. तो एवढा पातळ लेप पोलादावर चढवला की पोलाद झिजत नाही, असा त्याचा लौकिक होता. एका कारखान्याला तो इंजिनातल्या एका भागावर हवा होता. वाटीएवढा भाग, त्याच्या पाठीवर इंजिन चालू असेपर्यंत दुसरा भाग घासत फिरतो. लेप परदेशातून चढवून आणायचा आणि तपासायचा यांनी. टिकला, तर लेप चढवायची निर्वात भट्टी प्रयोगशाळेतच बसवायची, आणि तो विभाग यांनी सांभाळायचा, असं ठरलं होतं. पुण्यात बसून ते काम करणारे ते जवळजवळ पहिलेच झाले असते. एरवी स्वतःबद्दल न बोलणारा माणूस, पण भट्टीसाठी रिकामी ठेवलेली खोली त्यांनी मला दोनदा नेऊन दाखवली होती. खोलीत काहीच नव्हतं. "इथे पंप येईल," ते म्हणाले, "आणि इथे खिडकी बंद करावी लागेल."

चाचणी अशी असे. लेप दिलेली चकती तेलात बुडवून फिरवायची. तिच्यावर बेअरिंगमधला पोलादी छर्रा दाबून धरायचा. तेल गरम ठेवायचं, इंजिनात असतं तसं. घर्षण किती होतंय हे एक पेन सरकत्या कागदावर रेघ ओढून दाखवायचं. घर्षण एकदम वाढलं, तर यंत्र आपोआप बंद पडायचं. आणि तेल वापरायचं ते साधं, त्यात कुठलीही रासायनिक औषधं न घातलेलं, म्हणजे लेपाचा गुण लेपाला आणि तेलाचा गुण तेलाला राहतो. या तेलाला प्रयोगशाळेत अळणी तेल म्हणत. अळणी तेलात लेप वर्षभर उत्तम टिकला होता. छर्रा झिजला, चकतीवर ओरखडा नाही. तसे अहवाल त्यांच्या सहीने गेले होते, आणि कारखान्याने पहिल्या भागांवर लेप चढवायला परदेशी पाठवलंही होतं.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होई आणि घरच्या माणसांना बोलावणं असे. आम्ही बौद्ध. पूजा-नमस्कार आमच्या घरात नाही, आणि त्यांनी नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी ते नम्रपणे सांगितलं होतं. त्यावर त्यांच्या साहेबांनी एक वाटणी करून टाकली होती. साहेब शनिवार पेठेतले, तोंडाने तिखट. "ठीक आहे," ते म्हणाले होते, "हळदकुंकू आम्ही वाहू, साफसफाई आणि तेल तुमच्याकडे. तेलाला धर्म नसतो." तेव्हापासून हीच रीत पडली. आदल्या दिवसापासून हे प्रत्येक यंत्र फडक्याने पुसत, जुनं तेल काढून नवं भरत. त्यांचे वडील कारखान्यात फिटर होते, यंत्र स्वच्छ ठेवणं हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. पूजेच्या वेळी हे भिंतीशी हात मागे बांधून उभे राहायचे, आणि पूजा झाली की प्रत्येक यंत्र थोडा वेळ चालवून दाखवायला पुढे व्हायचे.

त्या वर्षी मी नवी साडी नेसून गेले होते. झेंडूचा आणि गरम तेलाचा वास एकत्र येत होता. हे आपल्या यंत्रात नवी चकती लावून अळणी तेल ओतणार, तेवढ्यात साहेब आले.

"काय हो, आजसुद्धा अळणीच? सणाला आलेल्या पाहुण्यापुढे पेज ठेवता?"

"सर, चाचणीचं तेल हेच ठरलंय."

"चाचणी सोमवारी. आज सण. पूजेपुरतं चालवा, नंतर पुसून काढा." मग माझ्याकडे वळून, "वहिनी, हे घरीपण असेच का?"

"घरी मीठ घालतात," मी म्हणाले.

सगळे हसले. साहेब आपल्या कपाटातून एक सीलबंद डबा घेऊन आले. चांगल्यातलं चांगलं इंजिन ऑइल, नव्या परदेशी गाड्यांत घालतात ते. कुणीतरी भेट दिलेलं. "एवढं वर्षभर बिचारं यंत्र राबलं," ते म्हणाले, "एक दिवस त्याला पुरणपोळी मिळू दे." यांनी क्षणभर साहेबांकडे पाहिलं, मग डब्याचं सील तोडलं. मला ते आवडलं होतं, हेही लिहायला हवं. इतका काटेकोर माणूस सणाला थोडा सैल झाला, म्हणून.

हळदकुंकू झालं, नारळ फुटला. यांनी यंत्र चालू केलं. पेनाने रेघ ओढायला सुरुवात केली. रोज ज्या उंचीवर असायची तिथे ती थोडा वेळ राहिली, आणि मग तेल तापलं तशी खाली उतरायला लागली. उतरत उतरत जवळजवळ निम्म्यावर आली आणि तिथे सरळ चालू लागली. पट्टी धरून ओढावी तशी.

"बघितलंत?" साहेब म्हणाले. "जेवू घातलं की असं असतं."

हे कागदाकडे वाकून बघत राहिले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आनंद झाला की त्यांचं तसं व्हायचं, लग्नातसुद्धा झालं होतं. घर्षण निम्म्यावर! लेप चांगला, तेल चांगलं, दोन्ही एकत्र आल्यावर तर काय बोलायलाच नको. पूजेपुरतं चालवायचं ठरलेलं यंत्र बंद करायला कुणाचाच हात होईना. शेवटी हेच म्हणाले, "चालू राहू दे, सर. दसरा झाल्यावर उघडू."

रखवालदाराला लक्ष ठेवायला सांगितलं. तसं काळजीचं कारण नव्हतं, काही बिघडलं असतं तर यंत्रच थांबलं असतं.

दुसऱ्या दिवशी दसरा, आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरा सदरा घालून ते विहारात आले, पण वंदना चालू असतानाही त्यांचं लक्ष ठिकाणावर नाही हे मला कळत होतं. जेवायला भाऊ घरी होता. त्यालाही त्यांनी रेघेचं सांगितलं. ताटातल्या खिरीत बोटाने काढून दाखवली. भाऊ म्हणाला, "दाजी, रेघ खाली गेली म्हणून एवढा आनंद होणारा माणूस मी पहिलाच बघतोय. आमच्याकडे खाली गेली की माणसं रडतात."

त्याच्या पुढच्या दिवशी माझ्या कॉलेजला सुट्टी होती. हडपसरला मावशीकडे जायचं होतं, म्हणून मीही त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. वाटेत यंत्र उघडून जाऊ, दहा मिनिटांचं काम, असं ते म्हणाले.

यंत्र चालूच होतं. आवाज तोच. कागदाची लांबच लांब गुंडाळी जमिनीवर पडली होती आणि तिच्यावर ती खालची रेघ टोकापर्यंत तशीच, एका जागीही वाकडी नाही. त्यांनी ती माझ्या हातात दिली. यंत्र बंद केलं, तेल काढलं, चकती सोडवली आणि कापसाने पुसून उजेडात धरली.

काळ्या चकतीवर मधोमध एक चकचकीत गोल होता. रुपेरी, बांगडीसारखा, कडा अगदी नेमक्या.

"किती सुरेख दिसतंय," मी म्हणाले.

त्यांनी कापसाचा नवा बोळा घेतला, ॲसिटोनमध्ये भिजवला आणि पुन्हा पुसलं. मग आणखी एक बोळा. ते काय करतायत ते मला कळेना. चकती तर स्वच्छ होती. मग लक्षात आलं, वर काही बसलं असेल आणि पुसल्यावर खालून काळं निघेल अशी ते वाट बघत होते. पण वर काही नव्हतंच. तो पोलादाचा रंग होता. छर्रा जिथून फिरला होता, तिथला लेप संपला होता.

त्यांचा चेहरा मी पाहिला. वाईट वाटलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. आपण चालत असलेल्या जिन्याला एक पायरी कमी आहे हे पाय खाली गेल्यावर कळावं, तसा. ते पुन्हा पुन्हा एकदा चकतीकडे आणि एकदा माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होते.

"हे कसं शक्य आहे?" ते म्हणाले. मला नाही, कागदाला.

मावशीकडे आम्ही गेलो नाही.

प्रयोगशाळेबाहेरच्या टपरीवर चहा घेताना त्यांनी मला पहिल्यांदा समजावून सांगितलं. घर्षण आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण धरून चालतो की घासणं कमी तर झिजणं कमी, आणि बहुतेक वेळा तसं असतंही. पण या तेलात लोखंडाचं घर्षण कमी करणारी काही औषधं असतात, ती लोखंडासाठी शोधलेली. त्यांनी छर्रा सांभाळला, रेघ खाली आणली, आणि त्याच वेळी कुठल्या तरी रीतीने लेप खाल्ला. लेप संपल्यावर खालचं पोलाद उघडं पडलं, तर तेलाने तेही सांभाळलं. म्हणून रेघ हलली नाही. यंत्र थांबणार कसं? त्याला फक्त घर्षण कळत होतं.

"म्हणजे लेप कधी गेला?" मी विचारलं.

"तेच तर," ते म्हणाले. "कधी गेला ते कळायला मार्ग नाही." आणि कप तसाच ठेवून पुन्हा आत गेले.

आधी त्यांना वाटलं, चकतीच सदोष असेल, लेप नीट चिकटलाच नसेल. त्यांनी नव्या चकत्या लावल्या. अळणी तेलात लेप जसाच्या तसा. सणाच्या तेलात तीच रुपेरी बांगडी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्या दिवसांत घरी ते अगदी कमी बोलत. एकदा पोळी लाटता लाटता मी मागे पाहिलं, तर ते तव्याकडे बघत उभे होते. आता हा प्रश्न फक्त एका चकतीचा उरला नव्हता. लोक गाडीत अळणी तेल घालत नाहीत. जितकी नवी गाडी, तितकं चांगलं तेल. वर्षभर जो लेप टिकतो म्हणून त्यांनी सही केली, तो गाडीत गेल्यावर टिकणार नव्हता, आणि कुणाला कळणारही नव्हतं. हे सांगावं, तर भट्टी जाणार. ज्या कामासाठी ते थांबले होते ते कामच जाणार.

साहेबांना त्यांनी सगळ्या चकत्या नेऊन दाखवल्या. साहेबांनी त्या बराच वेळ भिंगाखाली पाहिल्या. नंतर जे बोलणं झालं ते यांनी घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं.

"करारात तेल कुठलं लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"अळणी."

"मग आपण कराराप्रमाणे चाचणी केली. ती उत्तम झाली. खंडेनवमीचा प्रसाद अहवालात लिहायची पद्धत नाही आपल्याकडे."

"सर, गाडीवाले कुठलं तेल घालणार?"

"ते त्यांनी आपल्याला विचारलेलं नाही."

"नाही विचारलेलं."

"मग?"

हे उभेच राहिले. साहेब म्हणाले, "तुमच्या त्या रिकाम्या खोलीला मी गेलं वर्षभर कुणाला हात लावू दिलेला नाही. स्टोअरवाले रोज माझ्या नावाने बोटं मोडतात. हे आठवतंय ना?"

"आठवतंय, सर."

"अहो, मग बसा तरी," साहेब म्हणाले. "उभ्याने राजीनामे देतात."

कारखान्याच्या लोकांबरोबर बैठक ठरली. त्या सकाळी यांनी दाढी दोनदा केली. मी विचारलं, "काय सांगणार?" ते म्हणाले, "जे दिसतंय ते." चकत्या रुमालात गुंडाळून डब्यात ठेवल्या आणि डबा पिशवीत, पोळीभाजीच्या डब्याशेजारी.

संध्याकाळी ते नेहमीच्या वेळी आले. बूट काढले. मी पाणी दिलं.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"मग?"

"त्यांचे मुख्य इंजिनियर म्हणाले, तुमच्याच सहीवर आम्ही भाग पाठवलेत. मी म्हटलं, हो, माझीच सही आहे. मग ते म्हणाले, आज इतक्या महिन्यांनी हे तेल तुम्हाला कसं सुचलं?" ते थांबले. "मला काय सांगावं कळेना. खंडेनवमी म्हणून, असं कसं सांगायचं? तेवढ्यात सर म्हणाले, तेल माझ्या कपाटातलं होतं. मीच घालायला लावलं. यांनी फक्त ते उघडून बघितलं, आणि बघितल्यावर झाकलं नाही."

साहेबांकडून ही अपेक्षा मला नव्हती. यांनाही नव्हती. मघापासून ते जे सांगत होते ते स्वतःच पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं सांगत होते.

"आणि भट्टी?"

"भट्टी नाही यायची आता."

कारखान्याने लेपाचा नाद सोडला. भाग साधेच बसवले. त्या खोलीत स्टोअरवाल्यांनी रॅक लावले. यांच्यावर कुणी ठपका ठेवला नाही, पण कुणी शाबासकीही दिली नाही. न झालेल्या नुकसानीचं कुणाला काय दिसणार? पुढे कितीतरी वर्षांनी, परदेशातल्या लोकांनीही अशा लेपांवर आणि अशा तेलांवर हेच पाहिल्याचं त्यांच्या वाचनात आलं. मॉलिब्डेनम हा धातू असलेल्या एका औषधाकडे बोट जात होतं. त्यांनी मला ते पान वाचून दाखवलं. अभिमान नव्हता त्यात. हरवलेल्या माणसाचा पत्ता उशिरा लागावा तसे वाचत होते.

पण ते पुढचं. तेव्हा, बैठकीनंतरच्या रविवारी, माझा भाऊ आला. त्याला मीच सांगितलं होतं. तो कोर्सचा फॉर्म घेऊन आला होता.

"दाजी, आता तरी," तो म्हणाला. या वेळी त्याने चेष्टा केली नाही. "इथे आता तुम्हाला काय राहिलंय?"

त्यांनी फॉर्म वाचला. ते खरोखर विचार करत होते, मला दिसत होतं. ते नाही म्हणतील हेच मी धरून चालले होते.

"मला एक सांग," ते भावाला म्हणाले. "तुमच्याकडे प्रोग्रॅम चुकला तर कळतं कसं?"

"एरर येते."

"आणि एरर आली नाही, पण आत चुकलेलाच असला तर?"

भावाने डोकं खाजवलं. "मग दाजी, क्लायंटचा फोन येतो."

ते हसले. खंडेनवमीनंतर पहिल्यांदाच हसले, आणि चांगले डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग फॉर्मची घडी घालून त्याच्या खिशात परत ठेवली.

"मग मी आहे तिथे बरा," ते म्हणाले. "फोन यायच्या आत मला यंत्र थांबवून आत बघता तरी येतं."

सोमवारी ते कामावर गेले. त्या आठवड्यात त्यांनी यंत्रापाशी एक नियम लावला: रेघ कितीही चांगली असो, चाचणी मध्येच थांबवायची, चकती काढायची, डोळ्यांनी बघायची, आणि मग पुढे. याने कामाला उशीर होतो अशी सगळ्यांची तक्रार होती. साहेब म्हणाले, "लग्नात मध्येच अंतरपाट उचलून नवरी तीच आहे का बघण्यातला प्रकार आहे हा." पण नियम त्यांनी काढू दिला नाही. हे निवृत्त झाले तेव्हाही तो तिथे चालू होता.

त्यांच्या जाण्यानंतर जे जे आले त्यांना मी रिपोर्ट चांगले होते एवढंच सांगितलं. त्याहून जास्त मला काही माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. यंत्र थांबवता येतं, माणूस थांबवता येत नाही, एवढं मला समजतं. तरी सकाळी ओट्यापाशी उभी असले, की अजूनही मी मान वळवून त्यांच्या खुर्चीकडे बघते.